अर्धा इंच म्हणजे किती?

तुमच्या घरातला नळ कधी तुटला आहे का? तुटला नसेल, तर एक दिवस तुटेल. आणि बहुधा पाणी यायच्या दिवशीच तुटेल. आमच्या परभणीत नळाला रोज पाणी येत नाही. त्यामुळे पाणी येण्याचा दिवस म्हणजे घरात लगीनघाई असते. हंडे, बादल्या, टाकी, सगळे भरून ठेवायचे. नेमक्या अशाच एका सकाळी आमच्या न्हाणीघरातली प्लास्टिकची तोटी मुळापासून मोडली आणि माझ्या हातात आली.

घर जुने आहे. भिंतीतून आलेली नळी करड्या रंगाच्या पीव्हीसीची, घर बांधले तेव्हा बसवलेली. मी चोळीच्या बोंडाने नळीचे तोंड कसेबसे बंद केले आणि बाजारात गेलो. दुकानात सगळे नव्या जमान्याचे! पितळेची, वरून क्रोमियमचा मुलामा दिलेली, पाव फेरा फिरवली की उघडणारी तोटी घेतली. शिवाय एक पांढरा एल्बो, एक पिवळसर एल्बो आणि थोडी नवी नळी. दुकानदाराला एवढेच सांगितले की, सगळे अर्ध्या इंचाचे द्या. त्याने तसेच दिले.

घरी आलो आणि पाहतो तो काय! पांढरा एल्बो जुन्या नळीवर चढला खरा, पण लहान मुलाच्या पायात बापाची चप्पल असावी तसा डुगडुगत राहिला. पिवळसर एल्बो तर चढेचना. मिस्त्रींना बोलावले. त्यांनी दोन्ही एल्बो निरखून पाहिले आणि म्हणाले, “सर, दोन्ही अर्धा इंचीच आहेत हो. हा जरा ढिला बसतोय. सोल्युशन जास्त लावू, धरून बसेल.”

माझी मुलगी नववीत आहे. ती शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, “बाबा, दोन्ही अर्धा इंच असतील, तर एक ढिला आणि एक घट्ट कसा?”

प्रश्न सरळ होता आणि मला त्याचे उत्तर सरळ देता आले नाही. दुसऱ्या दिवशी मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून व्हर्निअर कॅलिपर घरी आणला.

मोजून पाहिले तेव्हा

एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. तेव्हा अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, हे तुम्हाला पाठ असेलच. आता आमची मापे पाहा. भिंतीतल्या जुन्या करड्या नळीचा बाहेरचा व्यास निघाला २० मिलिमीटर. पांढरा एल्बो ज्या नळीसाठी केलेला आहे, तिचा व्यास २१.३. पिवळसर नळीचा, म्हणजे सीपीव्हीसीचा, १५.९. अंगणात गंजत पडलेल्या लोखंडी जीआय नळीच्या तुकड्याचा २१.३. आणि नव्या पितळी तोटीच्या आट्यांचा बाहेरचा व्यास जेमतेम २१. सगळ्यांचे नाव अर्धा इंच. पण बाहेरून मोजले तर १२.७ एकाचेही नाही!

मग हे नाव आले कोठून? त्यासाठी लोखंडी नळीच्या काळात जावे लागते. त्या काळी नळी ओळखली जाई ती तिच्या आतल्या पोकळीवरून, कारण पाणी पोकळीतून जाते. अर्धा इंच पोकळीची नळी म्हणजे अर्धा इंची नळी. भिंत त्या वेळच्या ओबडधोबड लोखंडाची, म्हणून जाड. पुढे धातू चांगला मिळू लागला, भिंत पातळ करता येऊ लागली. पण बाहेरचा व्यास बदलला असता, तर त्यावर पाडलेले आटे बदलले असते आणि जगभरचे जुने सांधे निकामी झाले असते. म्हणून बाहेरचे माप तेच ठेवले आणि पोकळी वाढू दिली. अर्धा इंच हे माप राहिले नाही, नुसते नाव उरले. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी नळाच्या दुकानात इंच अजून ठाण मांडून बसला आहे, तो या नावाच्या जोरावर.

पीव्हीसीची नळी यानंतर आली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ क्लाट्टे याने १९१३ साली पीव्हीसी तयार करण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि १९३० नंतरच्या दशकात जर्मनीतच पीव्हीसीच्या नळ्या पाण्यासाठी वापरात आल्या. (“जगात जर्मनी, भारतात परभणी” असे आम्ही परभणीकर अभिमानाने म्हणतो, निदान या नळीच्या बाबतीत ती जोडी जुळली म्हणायची!) जर्मनी हा मिलिमीटरमध्ये विचार करणारा देश. आपल्या भारतीय मानकातही पीव्हीसी नळ्यांचे बाहेरचे व्यास सरळ मिलिमीटरमध्ये आहेत: २०, २५, ३२, ४०, ५०, ६३ असे. मात्र दुकानात २० ला अर्धा इंच, २५ ला पाऊण इंच आणि ३२ ला एक इंच म्हणण्याची रूढी पडली. शेतावरच्या ६३ मिलिमीटरच्या नळीला आपण दोन इंची म्हणतो, तेही असेच.

पांढरी, जाड भिंतीची नळी हे दुसरे घराणे. ती लोखंडी नळीची जागा घेण्यासाठी काढलेली, म्हणून तिचे बाहेरचे माप मुद्दाम लोखंडी नळीइतके, २१.३ मिलिमीटर, ठेवले आहे. आणि गरम पाणी सोसणारी पिवळसर सीपीव्हीसी नळी हे तिसरे घराणे. तिने माप उचलले ते अमेरिकेतल्या तांब्याच्या नळीचे. तिथला नियम गमतीचा आहे. नावात जेवढे इंच, त्यात आठवा भाग इंच मिळवा, की बाहेरचा व्यास मिळतो. अर्धा अधिक एक अष्टमांश म्हणजे पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर. पाऊण इंचीचे २२.२ आणि एक इंचीचे २८.६. करून पाहा, बरोबर येते. विशेष म्हणजे या तिसऱ्या घराण्यातल्या जाड भिंतीच्या नळीची आतली पोकळी साडेबारा मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे नावाला जागणारी हीच एक!

तर मिस्त्री खोटे बोलत नव्हते आणि दुकानदारही नाही. तीन वेगळ्या घराण्यांतली माणसे एकच आडनाव लावून हिंडत होती, इतकेच.

सोल्युशन डिंक नव्हे

आता मिस्त्रींच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू. २० मिलिमीटरची नळी २१.३ च्या तोंडात बसवली, तर फरक १.३ मिलिमीटरचा, म्हणजे चोहोबाजूंनी ०.६५ मिलिमीटर फट. पोस्टकार्ड दोनतीन घड्या करून खुपसता येईल एवढी. ती सोल्युशनने भरून काढता येईल का?

सोल्युशनला आपण चिकटवण्याचा पदार्थ समजतो. डिंक दोन कागदांच्या मध्ये राहतो आणि दोघांना धरून ठेवतो. सोल्युशनचे काम वेगळे आहे. त्यात टेट्राहायड्रोफ्युरॅनसारखे द्रावक असतात आणि थोडे पीव्हीसी विरघळवलेले असते. ते नळीला लावले की नळीचा पृष्ठभाग फुगून मऊ होतो. पीव्हीसीचे रेणू म्हणजे हजारो कड्यांच्या लांबच लांब साखळ्या. घन अवस्थेत त्या एकमेकींत अडकून पडलेल्या असतात. द्रावक आत शिरले की त्या सैल होऊन वळवळू लागतात. अशा वेळी नळी आणि एल्बो घट्ट दाबून धरले, तर इकडच्या साखळ्या तिकडे आणि तिकडच्या इकडे शिरतात. शेवयांचे दोन ओले गोळे एकमेकांवर दाबले तर काय होते, ते आठवा. मग द्रावक हळूहळू उडून जाते, साखळ्या जागच्या जागी थिजतात आणि दोन वस्तूंची एक वस्तू होते. चांगला सांधा कापून पाहिला, तर नळी कोठे संपली आणि एल्बो कोठे सुरू झाला, ही रेघ जवळजवळ सापडत नाही.

पण यासाठी दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना टेकले पाहिजेत. साखळ्या मिलिमीटरच्या अगदी अल्पशा अंशापर्यंतच जाऊ शकतात. अर्धा मिलिमीटरचा ओढा ओलांडणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे. फटीत सोल्युशन ओतले, तरी त्यात मोठा वाटा द्रावकाचाच. ते उडून गेले की उरलेले पीव्हीसी आकसते, त्यात बुडबुडे आणि भेगा राहतात. असा सांधा पहिल्या दिवशी ठीक दिसतो. आठवड्याने पाझरू लागतो.

चांगल्या सांध्याची खूण सोपी आहे. सोल्युशन न लावता कोरडी नळी आत सरकवून पाहा. एल्बोचे तोंड किंचित निमुळते असते. नळी खोलीच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश भागापर्यंत सहज जावी आणि मग अडावी. तळापर्यंत सैल गेली, तर घराणे चुकले. मुळीच गेली नाही, तरीही चुकले. काही जण नळी तापवून किंवा कानसून बसवतात. शेतावर नळीचे टोक जाळावर धरून मऊ करतात आणि दुसरी नळी त्यात दाबून बसवतात, हे तुम्ही पाहिले असेल. पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ होते, म्हणून हे जमते. पण या पदार्थाला आपल्या मूळ आकाराची आठवण असते! पुन्हा तापला की तो जुन्या मापाकडे सरकू पाहतो आणि सांधा हलतो. शिवाय नळी करपली, तर हायड्रोजन क्लोराइडचा घशाला झोंबणारा वायू निघतो. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या नळीला हा उपाय मी तरी करू देणार नाही.

दुभाषा

मग वेगळ्या घराण्यांच्या नळ्या जोडायच्या कशा? त्यांना एक समान भाषा हवी, आणि ती आहे आट्यांची. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रज्ञाने १८४१ साली स्क्रूचे आटे सगळ्या कारखान्यांत एकसारखे असावेत म्हणून एक माप सुचवले. त्यात आट्याचा कोन ५५ अंश. नळांचे ब्रिटिश आटे त्याच कुळातले, आणि आपल्याकडे आजही तेच चालतात. अर्धा इंची आट्यात दर इंचाला १४ पिळे असतात. तोटी पितळेची असो, स्टीलची असो वा प्लास्टिकची, पंढरपूरच्या बाजारातली असो वा परभणीच्या, आटे तेच.

तेव्हा युक्ती अशी: प्रत्येक नळीवर तिच्याच घराण्याचा, एका बाजूला सोल्युशनचे तोंड आणि दुसऱ्या बाजूला आटे असलेला जोड बसवायचा, आणि दोन घराण्यांची गाठ आट्यांवर घालून द्यायची. आमच्या जुन्या नळीसाठी २० मिलिमीटरचा असा जोड नळाच्या झगमगीत दुकानात मिळेना. तो मिळाला मोंढ्याकडच्या, शेतीचे पाइप विकणाऱ्या दुकानात, धुळीच्या खोक्यात. शेतीच्या नळ्या अजून त्याच मिलिमीटरच्या घराण्यातल्या आहेत ना!

आटे कितीही नीट पाडले, तरी त्यांच्यामध्ये नागमोडी फट राहतेच. पूर्वी मिस्त्री त्यावर सुतळीचे धागे गुंडाळून सफेदा लावत. आता टेफ्लॉनची पांढरी फीत आली आहे. ती आटे आवळण्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली, तर आवळताना सुटून गोळा होते. घरी करून पाहा. एकदा चुकल्याशिवाय हे ध्यानात राहत नाही.

आणखी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवलीच पाहिजे. नळाचे आटे बहुधा किंचित निमुळते असतात, म्हणून बाहेरचे आटे आतल्या आट्यांत पाचरीसारखे घुसतात. लाकडात पाचर ठोकली की लाकूड फुटते. पितळी तोटीचे आटे प्लास्टिकच्या तोंडात जोराने आवळले, तर प्लास्टिक तसेच उभे चिरते. कधी लगेच, कधी सहा महिन्यांनी. म्हणून प्लास्टिक आत आणि धातू बाहेर, अशी गाठ असावी. ते शक्य नसेल, तर आतून पितळेची कडी बसवलेला जोड घ्यावा. दुकानात ‘ब्रास’वाला मागितला की देतात. थोडा महाग पडतो, पण भिंत फोडण्यापेक्षा स्वस्त.

यात उष्णतेचाही हात आहे. पीव्हीसीचा रेषीय प्रसरणांक दर अंशाला सुमारे ०.००००७, पितळेचा ०.००००१९. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत चढतो, आणि इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत तो पाच अंशांच्याही खाली आल्याची नोंद आहे. समजा, ४० अंशांचा फरक पडला. २१ मिलिमीटर व्यासाचे प्लास्टिक ०.०५९ मिलिमीटरने आकसेल, पितळ ०.०१६ ने. फरक ०.०४ मिलिमीटरचा. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पितळेवर बाहेरून बसलेले प्लास्टिक थंडीच्या पहाटे पितळेला एवढे आवळते आणि स्वतः ताणले जाते. आधीच जोराने आवळलेली, ऊन खाऊन ठिसूळ झालेली जुनी कडी अशा वेळी चिरली, तर नवल नाही. नळीच्या लांबीत हाच फरक डोळ्यांना दिसण्याइतका होतो: गच्चीवरची १० मीटर नळी ४० अंशांत २८ मिलिमीटर वाढते. त्याच लांबीची लोखंडी नळी पाच मिलिमीटरही वाढत नाही. म्हणून प्लास्टिकची नळी दोन्ही टोकांना सिमेंटमध्ये जखडू नये. वाटेत एखादे वळण ठेवावे.

आणि ती पाव फेऱ्याची नवी तोटी! जुनी तोटी बंद करायला चारपाच फेरे लागत. नवी एका झटक्यात बंद होते. सोय झाली खरी, पण नळीतून धावणाऱ्या पाण्याला एकाएकी थांबावे लागते आणि त्याचा संवेग नळीवर आदळतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की याने १८९८ साली याचे गणित मांडले: दाबातली वाढ म्हणजे पाण्याची घनता, नळीतल्या दाबलहरीचा वेग आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार. पीव्हीसीच्या नळीत ही लहर सेकंदाला सुमारे ४५० मीटर जाते. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर दाब जास्तीत जास्त ४.५ लाख पास्कल वाढू शकेल, म्हणजे ४५ मीटर उंच टाकीचा दाब क्षणभर! घरातल्या छोट्या नळीत आणि माणसाच्या हाताने बंद करताना तो यापेक्षा बराच कमी असतो. तरीही जुनी नळी असेल त्या घरात नवी तोटी जरा सबुरीने फिरवावी.

थेंब थेंब

“एवढा खटाटोप कशाला? थोडे पाझरले तर पाझरू द्या,” असे कोणी म्हणेल. हिशेब करू. सेकंदाला एक थेंब, आणि २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला ४.३ लिटर होतात. हे झाले थेंबाचे. आता समजा, सांध्याला एक मिलिमीटर व्यासाचे भोक आहे आणि टाकी तीन मीटर वर आहे. टॉरिसेलीच्या नियमाने पाण्याचा वेग √(२ × ९.८ × ३), म्हणजे सेकंदाला ७.७ मीटर. भोकाचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. धार बाहेर पडताना आकसते, म्हणून ०.६ ने गुणू. तासाला जवळजवळ १३ लिटर, दिवसाला तीनशेच्या वर! २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावे असे ठरले. म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढे हे भोक पाच माणसांचे पाणी पिऊन टाकते. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले होते. ते दिवस मराठवाड्यातला कोणी विसरलेला नाही.

पण वाया जाणाऱ्या पाण्यापेक्षा मला जास्त भीती वाटते ती उलट्या प्रवासाची. भोकातून पाणी बाहेर येते ते आतला दाब जास्त असतो तोवर. पाणी बंद झाले, नळी उताराकडे रिकामी होऊ लागली, की आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा कमी होतो. स्ट्रॉने सरबत वर येते तसे मग बाहेरचे आत ओढले जाते. सांध्याबाहेर ओली माती किंवा गटार असेल, तर तेच आत येते. काही घरांतून नळालाच मोटर जोडून पाणी खेचतात; त्या वेळी ही ओढ आणखी वाढते, आणि ती खेचणाऱ्याच्याच नव्हे, तर शेजाऱ्याच्या सांध्यावरही पडते. चोवीस तास पाणी असलेल्या गावात पाझरणारा सांधा हा नुकसानीचा प्रश्न असतो. पाणी दिवसांच्या अंतराने येणाऱ्या गावात तो आजाराचा प्रश्न होतो. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची केवढी मोठी साथ पसरली होती, हे तुमच्या शिक्षकांना आठवत असेल.

आमच्या भागात सांध्यांना आणखी एक वैरी आहे, तो म्हणजे काळी माती. तिच्यातली खनिजे पाणी पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. हात जाईल एवढ्या भेगा शेतात पडतात. अशा जमिनीत पुरलेली ताठ नळी दरवर्षी मागेपुढे ओढली जाते आणि मोडते ती बहुधा सांध्याशी. म्हणून खेड्यांतल्या नव्या पाणीयोजनांत रस्त्यापासून घरापर्यंत पुष्कळदा काळी, निळ्या रेघांची लवचीक एचडीपीई नळी घालतात. ती वाकते, मोडत नाही. पण घरातल्या जुन्या पीव्हीसी नळीशी तिची गाठ सोल्युशनने बांधता येत नाही. एचडीपीईच्या साखळ्या नीट घड्या घालून रचलेल्या असतात आणि साध्या तापमानाला कोणतेही नेहमीचे द्रावक त्यांच्यात शिरत नाही. सोल्युशन तिच्यावर नुसते वाळते आणि पापुद्र्यासारखे निघून येते. तिच्यासाठी आवळून बसवायचा जोड असतो: आत रबराची कडी, तिच्यामागे दातेरी चिरकी कडी आणि बाहेर नट. पाणी अडवते रबर, नळी धरून ठेवते दातेरी कडी. आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला? पुन्हा आपले अर्धा इंची आटे!

घरी आणि शाळेत करण्यासारखे

नळी कोणत्या जातीची, हे ओळखता आले की अर्धे काम झाले. तिचा एक कपचा पाण्यात टाका. एचडीपीईची घनता पाण्यापेक्षा कमी, सुमारे ०.९५, म्हणून ती तरंगते. पीव्हीसी सुमारे १.४ आणि सीपीव्हीसी १.५, म्हणून त्या बुडतात. कपच्याला चिकटलेला बुडबुडा बोटाने पुसून काढा, नाहीतर फसाल. बुडालेल्या दोघांतला फरक उकळत्या पाण्यात कळतो. चिमट्यात धरून दोन पातळ पट्ट्या मिनिटभर बुडवा. पीव्हीसीची चामड्यासारखी वाकेल, सीपीव्हीसीची ताठ राहील. गरम पाण्याच्या बंबाला साधी पीव्हीसी का जोडू नये, याचे उत्तरही त्यातच आहे. हा प्रयोग शिक्षकांसमोर करा, आणि भांडे चहाचे घेऊ नका. नळी जाळून पाहण्याचा मोह टाळा.

व्यास मोजायला व्हर्निअर हवाच असे नाही. कागदाची अरुंद पट्टी नळीभोवती घट्ट गुंडाळा, जिथे ती स्वतःवर येते तिथे टाचणीने दोन्ही थरांतून टोचा, पट्टी उलगडा आणि दोन छिद्रांतले अंतर मोजा. हा झाला परीघ. २० मिलिमीटरच्या नळीसाठी ६२.८, २१.३ साठी ६६.९, १५.९ साठी ५०. पट्टीवर एक मिलिमीटर चूक झाली, तरी व्यासात ती ०.३ मिलिमीटरचीच होते, कारण आपण ३.१४ ने भागतो. म्हणजे तिन्ही घराणी साध्या फूटपट्टीने वेगळी ओळखता येतात. दोरा गुंडाळू नका. तो तिरका जातो आणि ताणला जातो. अशी एक पट्टी खिशात घालून दुकानात गेलात, तर माझ्यासारखे दोन हेलपाटे पडणार नाहीत.

जुन्या नळीबद्दल एक सूचना राहिली. पूर्वी पीव्हीसी टिकाऊ व्हावे म्हणून त्यात शिशाची संयुगे मिसळत. केंद्र सरकारने २०२१ साली नियम करून पाण्याच्या नळ्यांतल्या शिशावर निर्बंध घातले. जुन्या नळीत रात्रभर साचलेले पहिले पाणी पिण्यास न घेता झाडांना घालावे, म्हणजे ते वायाही जात नाही. नळी बाहेरून पांढुरकी, खडूसारखी झाली असेल आणि नखाने पूड निघत असेल, तर उन्हातल्या अतिनील किरणांनी तिच्या साखळ्या तुटल्या आहेत असे समजा. तेवढा भाग कापून चांगल्या नळीपर्यंत मागे जावे.

आम्हीही तसेच केले. मिस्त्रींनी भिंत चार बोटे फोडली, ठिसूळ तुकडा कापला, कड कानशीने साफ केली. मोंढ्यातला २० मिलिमीटरचा जोड कोरडा घालून पाहिला. तो निम्म्यावर जाऊन अडला. मिस्त्री माझ्याकडे पाहून हसले. मग पातळसे सोल्युशन, पाव फेरा पीळ, आणि अर्धा मिनिट दाबून धरले. त्या जोडाचे प्लास्टिकचे आटे पितळेच्या तोंडात गेले आणि त्यापुढे नवी तोटी. पूर्ण दिवसभर पाणी सोडले नाही. पाणी सुरू केल्यावर सांध्याखाली मुलीने वहीचा कोरा कागद ठेवला आणि रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी तो कोरडा होता. तरी तिचे समाधान होईना. पाण्याचा पुढचा दिवस येईपर्यंत भिंत लिंपायची नाही, असे तिने ठरवले, आणि गवंडी आठ दिवसांनी आला.